सुई निघाल्यानंतरचे चोवीस तास



गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या एकाहत्तर वर्षांच्या सासूबाईंच्या यकृताची बायोप्सी करावयाचे ठरले आहे. ‘यकृताला सुई टोचली की रक्त थांबत नाही, असे शेजारीपाजारी सांगतात. ते खरे आहे काय? आणि खरे असेल तर आम्ही होकार द्यावा काय?’ असे त्यांनी विचारले आहे. बहुतेक सर्व रुग्णांत हे रक्त थोड्याच वेळात आपोआप थांबते. फारच थोड्यांत ते थांबत नाही. पण त्या थोड्यांचे पुढे काय होते, हे रक्तस्राव किती लवकर लक्षात आला यावर ठरते. बायोप्सी झाल्यावर अनेकजण त्याच दिवशी घरी येत असल्यामुळे हे लक्षात येण्याची जबाबदारी डॉक्टरांइतकीच, किंबहुना रात्रीच्या वेळी डॉक्टरांहून अधिक, घरच्या माणसांवर येऊन पडते. म्हणून आजचा हा लेख रुग्णापेक्षाही त्याच्या उशाशी बसणाऱ्यासाठी आहे.

यकृतासंबंधी एवढी धास्ती का, हे आधी समजून घेऊ. उजव्या बरगड्यांच्या आड असलेला हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव रक्ताने ओथंबलेला असतो. दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून वाहते. त्यातील सुमारे तीन हिस्से आतड्यांकडून येणाऱ्या प्रतिहारी शिरेतून आणि एक हिस्सा रोहिणीतून येतो. शिवाय रक्त गोठविणारी बहुतेक प्रथिने ज्या कारखान्यात तयार होतात, तो कारखानाही हाच. म्हणजे ज्या अवयवाला आपण सुई टोचणार, तो रक्ताने भरलेला. आणि तोच आजारी असल्यामुळे रक्त गोठविण्याची सामग्रीही कमी पडण्याचा संभव. शेजाऱ्यांच्या भीतीचे मूळ येथे आहे, आणि ती अगदीच निराधार नाही.

तरीही रक्त थांबते. बायोप्सीची सुई साधारण दीड मिलिमीटर जाडीची असते आणि ती यकृतात क्षणभरच राहते. इटलीतील मेंघिनी या डॉक्टरांनी १९५८ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, ती ‘एका सेकंदाची बायोप्सी’ म्हणूनच ओळखली जाते. सुई बाहेर येताच भोवतालचे मऊ यकृत त्या बोगद्यावर मिटते, यकृतावरील पातळ आवरण आकसते आणि रक्ताची गुठळी तोंडाशी बसते. रुग्णाला उजव्या कुशीवर निजवून ठेवतात त्याचे कारणही हेच. त्या स्थितीत यकृत शरीराच्या भिंतीवर टेकते, आणि बोटातला काटा काढल्यावर आपण अंगठ्याने जसा दाब देतो, तसा दाब देहाच्याच वजनाने मिळतो. एक-दोन तास असे पडून राहणे वृद्धांना कंटाळवाणे वाटते. ‘कूस बदलू द्या की’, असा त्यांचा आग्रह असतो. जवळ बसणाऱ्याने तेवढा वेळ गोष्टी सांगून काढावा.

रुग्णालयात पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी आणि नंतर दर अर्ध्या तासाने नाडी व रक्तदाब पाहतात. ही निव्वळ रीत नव्हे. इटलीतीलच सुमारे ६८ हजार बायोप्सींचा आढावा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या काही गुंतागुंती झाल्या, त्यांपैकी सुमारे ६१ टक्के पहिल्या दोन तासांत आणि ९६ टक्के चोवीस तासांच्या आत लक्षात आल्या. मृत्यूचे प्रमाण लाखात सुमारे नऊ होते. पत्रलेखिका भगिनींना होकार द्यावा की नाही हे ठरविताना हा आकडा धीर देईल. मात्र पहिल्या दोन तासांनंतर जे उरते, त्यातले बरेचसे गावी परतलेल्या रुग्णाच्या वाट्याला येते, हेही त्याच आकड्यांत आहे.

काही वर्षांपूर्वीची एक पहाट मला अजून आठवते. अनसिंगजवळच्या एका खेड्यातील सत्तरीच्या घरातले शेतकरी. रक्ततपासणीत यकृताचे आकडे कित्येक महिने वाढलेले, काविळीचे कोणतेही विषाणू सापडत नव्हते, म्हणून मीच त्यांना मोठ्या शहरात पाठविले होते. तेथे सकाळी बायोप्सी झाली, दुपारपर्यंत सर्व ठीक होते, आणि सायंकाळी मंडळी भाड्याच्या गाडीने निघून रात्री उशिरा घरी पोहोचली. पहाटे चारच्या सुमारास त्यांचा उजवा खांदा दुखू लागला. प्रवासाने वात धरला असावा, असे समजून त्यांच्या पत्नीने तेल चोळले, मिठाच्या पुरचुंडीने शेकले. सात वाजता मुलगा माझ्याकडे आला. ‘डाक्टर, बाबाचा खांदा लय दुखून राह्यला, एखादी गोळी देऊन द्या.’ मी गोळी दिली नाही, गाडी काढली. ही हुशारी नव्हती. बायोप्सी झाल्याचे मला ठाऊक होते, एवढेच.

घरी गेलो तर काका शांत पडून होते. नाडी ७६. कोणीही समाधान मानावे अशी. पण तळहात गार, कपाळावर चिकट घाम आणि रक्तदाब ९४ वर ६०. एरवी त्यांचा वरचा आकडा कधी १४० च्या खाली नसे. पोट किंचित तटतटलेले. सुईच्या जागेवरची पट्टी मात्र कोरडी ठणठणीत. एक थेंबही नाही. दोन्ही हातांना सलाईन लावून, १०८ ची गाडी बोलावून आम्ही त्यांना आधी वाशीमला व तेथून अकोल्याला हलविले. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले. तीन पिशव्या रक्त चढविल्यावर रक्तदाब स्थिरावला, आणि पुढचा उपचार तयार ठेवूनही करावा लागला नाही. दहाव्या दिवशी काका घरी आले.

या एका पहाटेत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट खांद्याची. यकृताच्या वर श्वासपटल असते. तेथे रक्त साचून टोचू लागले की त्याची संवेदना ज्या मज्जातंतूने मेंदूकडे जाते, त्याची मुळे मानेत, खांद्याच्या मज्जातंतूंच्या शेजारी आहेत. मेंदूची फसगत होते आणि दुखणे पोटात असून खांद्यात जाणवते. आता, बायोप्सीनंतर खांद्यात किंवा उजव्या कुशीत थोडे दुखणे हे नेहमीचेच आहे. ते बहुतेकांना होते आणि काही तासांत कमी होते. म्हणून दुखते की नाही, एवढे विचारून भागत नाही. दुखणे उतरते आहे की चढते आहे, हे विचारावे. चढत जाणारी कळ आणि तिच्या जोडीला घाम किंवा भोवळ असेल, तर तो वात समजू नये. आणि चोळणे-शेकणे तर त्या दिवशी मुळीच नको.

दुसरी गोष्ट नाडीची. अंगातले रक्त कमी झाले की हृदय वेगाने धावू लागते, नाडी शंभरच्या वर जाते, हे आपण नेहमी सांगतो. पण काकांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू होते. ही आणि हिच्या कुळातली औषधे हृदयाला लगाम घालतात. अशा रुग्णात रक्तस्राव होत असतानाही नाडी शांतच राहू शकते. वृद्धांपैकी कितीतरी जण ही औषधे घेतात. सिरोसिसच्या रुग्णांना तर अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांसाठी प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल मुद्दाम दिले जाते. तेव्हा केवळ नाडीवर विसंबू नये. रक्तदाब मोजावा, आणि तोही पुस्तकातल्या आकड्याशी न ताडता त्याच माणसाच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहावा. नेहमी १५० असणाऱ्याचा ११० झाला, तर तो ‘नॉर्मल’ नव्हे.

तिसरी, पट्टीची. बाहेरची जखम काडीच्या गुलाएवढीही नसते. रक्त गळले तर ते आत, पोटाच्या पोकळीत किंवा यकृताच्या आवरणाखाली गळते. क्वचित बरगड्यांच्या आत छातीत साचते व दम लागतो. म्हणून कोरडी पट्टी ही कसलीही हमी नाही.

चौथी गोष्ट माझ्या पदरातली आहे, ती सांगणे प्राप्त आहे. काकांना हृदयासाठी इकोस्प्रिन चालू होती. शिवाय गुडघ्यांसाठी मी त्यांना अधूनमधून डायक्लोफिनॅक देत असे. शहरातील डॉक्टरांनी रीतसर विचारले होते, ‘रक्त पातळ करणारी काही गोळी चालू आहे काय?’ घरच्यांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणून सांगितले. कारण त्यांच्या लेखी इकोस्प्रिन ही ‘हार्टची लहान गोळी’ होती आणि डायक्लोफिनॅक ही ‘गुडघ्याची’. रक्त पातळ होण्याशी त्यांचा काही संबंध आहे, हे मी त्यांना कधी समजावलेच नव्हते. आणि मी दिलेल्या चिठ्ठीत आजाराचे चार ओळींचे वर्णन होते, औषधांची यादी नव्हती. तेव्हापासून माझी कोणतीही चिठ्ठी औषधांच्या यादीशिवाय बाहेर जात नाही. पण मी विसरलो तर आपण विसरू नये. प्रश्नाला तोंडी उत्तर देण्यापेक्षा घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे, काढे, चूर्णे, तेलाच्या कॅप्सुला, जे पोटात जाते ते सर्व, एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओतावे.

चूर्णे आणि काढे यांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. आपल्या वाशीम-हिंगोलीच्या पट्ट्यात हळद पिकते आणि हळदीचे स्वयंपाकातले प्रमाण निर्धोक आहे. परंतु हळदीच्या तीव्र अर्काच्या कॅप्सुलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आता वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या आहेत. करोनाच्या काळात गुळवेल घराघरांत उकळली गेली. त्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची हकीकत मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटविली नसल्याचे म्हटले. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की अशा प्रसंगी इजा औषधाने झाली, की शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली, हे पुष्कळदा यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय उलगडत नाही. काकांच्या बाबतीत तेच झाले. गुडघ्यांसाठी आणलेले एक विनालेबलचे चूर्ण हे बायोप्सीच्या अहवालानंतरच्या चौकशीत बाहेर आले. ते बंद केले आणि चार महिन्यांत आकडे उतरले. त्यामुळे बायोप्सी नको होती, असे ते स्वतःही कधी म्हणाले नाहीत. हल्ली यकृत किती कडक झाले आहे, हे फायब्रोस्कॅनने सुईशिवाय कळते आणि त्यामुळे बऱ्याच बायोप्सी टळतात, हे खरे. मात्र आजाराचे मूळ त्यातून नेहमीच कळते असे नाही.

आता सुई टोचण्यापूर्वीची सिद्धता. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, असिट्रॉम किंवा नव्या पिढीची रक्त पातळ करणारी औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. नुकताच स्टेंट घातलेला असेल किंवा हृदयात कृत्रिम झडप असेल, तर ती बंद करणे रक्तस्रावाहून घातक ठरू शकते. किती दिवस आधी थांबवायचे, हे औषधागणिक वेगळे असते. ते हृदयतज्ज्ञ आणि बायोप्सी करणारे डॉक्टर यांनी मिळून ठरवावे. रक्तातील प्लेटलेट साधारण पन्नास हजारांहून कमी असतील, तर डॉक्टर थबकतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांत प्लेटलेटची संख्या पुरेशी असूनही त्या नीट काम करीत नाहीत, हेही ध्यानात घेतात. पित्तनलिका तुंबून कावीळ झाली असेल, तर आतड्यातून जीवनसत्त्व ‘के’ शोषले जात नाही व रक्त गोठण्यास विलंब लागतो. तेथे त्या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनाचा चांगला उपयोग होतो. त्याच्या नावातला ‘के’ हा ‘कोआग्युलेशन’, अर्थात रक्त गोठणे, या शब्दाच्या जर्मन व डॅनिश रूपाचे आद्याक्षर आहे.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिले पाहिजे, कारण त्यावरून दवाखान्यांत तंटे होतात. रक्त गोठण्याच्या तपासणीत आयएनआर नावाचा आकडा येतो. तो वाढलेला दिसला की नातेवाईक म्हणतात, आधी प्लाझ्माच्या पिशव्या चढवा. सिरोसिसच्या रुग्णात हे गणित इतके सरळ नसते. यकृत रक्त गोठविणारी प्रथिने करते तशीच रक्त गोठू न देणारीही करते. आजारात दोन्ही घटतात. तराजूची दोन्ही पारडी हलकी होतात. आयएनआर मात्र एकाच पारड्याचे वजन सांगतो. शिवाय चढविलेल्या प्लाझ्मामुळे शिरांतील दाब वाढतो, तो वेगळाच. तेव्हा डॉक्टरांनी प्लाझ्मा दिला नाही, तर तो हलगर्जीपणाच होता असे मानू नये, कारण विचारावे.

ज्यांच्या पोटात पाणी साचले आहे किंवा ज्यांचे रक्त फारच उशिरा गोठते, त्यांच्यासाठी बरगड्यांतून सुई घालण्याऐवजी मानेतील शिरेतून बारीक नळी यकृताच्या शिरेत नेऊन आतूनच नमुना घेतात. या युक्तीचे मर्म साधे आहे. तेथे रक्त वाहिले तरी ते पुन्हा शिरेतच पडते, पोटात नव्हे. दुसरी एक पद्धत म्हणजे सुई बाहेर काढता काढता तिच्या वाटेत जिलेटिनचा विरघळणारा बोळा भरून ठेवणे. शेतातल्या पाण्याच्या पाटाला आपण मातीचे ढेकूळ लावतो, तसे. या सोयी सर्वत्र नसतात, पण ‘आमच्या रुग्णाला त्यांची गरज आहे काय?’ असे विचारण्यात संकोच नसावा.

आणि तरीही रक्त थांबलेच नाही तर? रुग्णालयात प्रथम रक्त व सलाईन देऊन रक्तदाब सावरतात, रक्तगट जुळवून पिशव्या तयार ठेवतात, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करतात. पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्वीइतकेच आले, तर नातेवाइकांनी निर्धास्त होऊ नये. रक्त गेले तरी उरलेल्या रक्ताची घनता लगेच बदलत नाही. आकडा पडायला काही तास लागतात. पुष्कळांचा रक्तस्राव एवढ्या उपचारांनीच थांबतो. न थांबल्यास क्ष-किरण तज्ज्ञ जांघेतील रोहिणीतून बारीक तार व नळी यकृताच्या रोहिणीपर्यंत नेतात आणि नेमकी गळणारी फांदी धातूच्या कॉइलने किंवा जिलेटिनच्या कणांनी बुजवितात. ‘रक्तवाहिनीच बंद केली तर यकृत मरणार नाही काय?’ असा प्रश्न मला एका आजींनी विचारला होता, आणि तो फार शहाणपणाचा प्रश्न होता. बहुधा मरत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. रोहिणीची एक फांदी बुजली तरी प्रतिहारी शीर तो भाग जगविते. पोट उघडून शस्त्रक्रिया करण्याची पाळी आता क्वचित येते.

आणखी एक प्रकार उशिरा, काही वेळा आठवड्याभरानेही, समोर येतो. सुईच्या वाटेत रक्तवाहिनी आणि पित्तनलिका एकमेकींना जोडल्या गेल्या, तर रक्त पित्ताबरोबर आतड्यात उतरते. उजव्या बरगड्यांखाली कळ, डोळ्यांत पिवळेपणा आणि डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच ही त्याची तीन लक्षणे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तिला तसा चिकटपणा व दर्प नसतो. शंका आली तर फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांना त्याचे किळस येत नाही.

आता सर्वांत व्यवहाराचा मुद्दा, ज्याबाबत माझा आग्रह आहे. बायोप्सीची पहिली रात्र रुग्णाने अशा ठिकाणी काढावी, जेथून अर्ध्या तासात सुसज्ज रुग्णालय गाठता येईल, आणि सोबत जागे राहू शकणारे एक जाणते माणूस असावे, असा संकेत वैद्यकशास्त्रात जुना आहे. अनसिंगहून वाशीम गाठायलाच वीस-पंचवीस किलोमीटर जावे लागते, आणि तेथून अकोला आणखी दूर. म्हणजे आपल्या गावात परतून हा संकेत पाळता येत नाही. म्हणून त्या रात्री गावी येऊ नये. नातेवाइकांकडे, धर्मशाळेत, रुग्णालयाजवळच्या एखाद्या खोलीत राहावे. ‘घरची गुरे कोण पाहील?’, ‘खोलीचे भाडे कशाला?’ या अडचणी मला ठाऊक आहेत. त्या एका दिवसाची तजवीज बायोप्सीच्या तारखेआधीच करून ठेवावी, सुई निघाल्यानंतर नव्हे. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की आमचे गाव इतके दूर आहे. पुष्कळदा तेच एक रात्र ठेवून घेतात.

रात्री झोपताना, मध्यरात्री आणि पहाटे नाडी व रक्तदाब पाहून कागदावर वेळेसह लिहावा. उठताना भोवळ येते काय, लघवी नेहमीएवढी झाली काय, पोट तटतटले काय, हेही पाहावे. संडासाला एकट्याने पाठवू नये. रक्त कमी झालेला माणूस बसून उठताना कोसळतो. दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलेच औषध द्यावे, गुडघ्याची गोळी नव्हे. काही बिनसले वाटले, तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ ला दूरध्वनी करावा आणि पहिल्याच वाक्यात सांगावे, ‘काल यकृताची बायोप्सी झाली आहे.’ पुढे आठवडाभर पोती, घागरी, ट्रॅक्टर यांपासून दूर राहावे. बरे वाटते म्हणून तिसऱ्याच दिवशी सोयाबीनची थप्पी लावायला गेलेले गृहस्थ मी पाहिले आहेत.

थांबविलेली रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची, हे घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर लिहून घ्यावे. ‘दोन-चार दिवसांनी’ असे तोंडी उत्तर पुरेसे नाही. ती गोळी महिनोन्‌महिने बंदच राहिली आणि शेवटी छातीत दुखू लागल्यावर आठवली, असेही घडते.

पत्रलेखिका भगिनींनी सासूबाईंच्या औषधांची यादी पत्रासोबत पाठविली आहे. तीत ॲटेनोलॉल आहे. म्हणजे त्यांची नाडी आपल्याला फसवू शकते. त्यांच्याबाबत रक्तदाबाचे यंत्र सोबत न्यावेच, आणि आठवडाभर आधीपासून रोज मोजून त्यांचा नेहमीचा आकडा कागदावर उतरवून ठेवावा. परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांनी पुन्हा तपासून परवानगी दिल्यावर. एस.टी.नेच यावयाचे झाल्यास मागच्या चाकावरचे आसन टाळून पुढचे धरावे.